नळ आधी आला, गटार मागे राहिले: सीमाभागातल्या छोट्या शहरांच्या सांडपाण्याची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी या गावांत सांडपाणी हा प्रश्न झाला तो नळ आल्यावर. आडाचे पाणी शेंदून वापरायचे तोवर न्हाणीतून बाहेर पडणारे पाणी परड्यातल्या केळी-अळूलाच पुरायचे. मैल्याची वाट वेगळी होती. पाटीच्या संडासातून तो माणसाच्या डोक्यावरून गावाबाहेर जाई, आणि ते डोके कोणत्या जातीचे हे ठरलेले असे. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, तरी ही पाटी सुटली नाही. पुढे १९७० च्या दशकात मंत्री बसवलिंगप्पांनी कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आणली. देशाचा कायदा त्यानंतर, १९९३ मध्ये झाला.

पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या दोन्हींसाठी राज्याने १९७३ च्या कायद्याने एकच मंडळ केले, पण नळ आधी पोचला. केंद्राच्या १९९९ च्या निकषात भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर पाणी, गटार असेल तर १३५ लिटर असा हिशेब होता. जास्तीचे पाणी चैनीला नाही. गटाराच्या पाइपात मळ बसू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो. दोन-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गल्लीत तो मिळत नाही; पाइप तुंबतो आणि मैला चेंबरच्या झाकणातून वर येतो.

१९७४ चा जलप्रदूषण कायदा कर्नाटकाला सुरुवातीपासून लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता, केंद्राचा त्याने १९८१ मध्ये स्वीकारला. म्हणजे तिकडून निपाणीकडे येणाऱ्या वेदगंगेला काही वर्षे वर एक कायदा आणि खाली दुसरा.

गटाराची वाट बघत घराघरांत सेप्टिक टाकी आली, आणि खरी गोम तिथेच आहे. पाच माणसांच्या घराला मानकाप्रमाणे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते, पण दर दोन वर्षांनी उपसली तर. प्रत्यक्षात सिमेंटच्या कड्या एकावर एक रचतात, तळ उघडा ठेवतात आणि वर फरशी घालून टाकतात. दहा-बारा वर्षे कोणी उघडत नाही. तळाचा गाळ वर चढतो, पाणी थांबायला जागा उरत नाही आणि काळा मैला तसाच बाहेरच्या उघड्या गटारात जातो. सक्शनची गाडी बोलावली तरी ती वरचे पातळ ओढते. तळाचा घट्ट थर पाण्याच्या फवाऱ्याने ढवळल्याशिवाय निघत नाही. त्यासाठी माणूस आत उतरवला तर विषारी वायूने जीव जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्यात माती. निपाणी, चिकोडी, अथणीच्या काळ्या जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात जिरवतच नाही, ओसंडतो. खानापूरच्या पश्चिमेला जांभा. तिथे पाणी झटकन जिरते, म्हणून लोक खड्डा चांगला समजतात. ते न गाळता थेट शेजारच्या विहिरीकडे जाते. उरलेले मलप्रभा नदीत, आणि ती खाली नविलुतीर्थ धरणात जाते, जिथून हुबळी-धारवाड पाणी पिते.

म्हणून छोट्या गावात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मोठ्या केंद्राआधी टाक्यांच्या गाळाची सोय लागते. गाडीने आणलेल्या गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र राज्यात बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीला २०१५ मध्ये सुरू झाले. तिथली पद्धत खानापुरात जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण गाळ वाळवायचे वाळूचे वाफे ऊन मागतात. वाफ्यावर वीस-तीस सेंटिमीटरचा थर उन्हाळ्यात काही आठवड्यांत कोरडा, भेगाळ होतो. जून ते सप्टेंबर तोच थर उघड्यावर चिखल होऊन पावसाबरोबर नदीला जातो. पारदर्शक पत्र्याचे छप्पर, बाजूने वारा खेळता आणि चार महिन्यांचा गाळ साठवायची टाकी: खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाजूच्या जोरदार पावसात या तीन गोष्टींचा खर्च आराखड्यात आधीच धरावा लागतो.