कोर्दोबाची मशीद की चर्च? त्या खांबांमागची गोष्ट

ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्दोबाच्या मशिदीला आग लागल्याचे व्हिडिओ मोबाईलवर आले तेव्हा पोटात गोळाच आला. सुदैवाने एका छोट्या चॅपेलचं, म्हणजे आतल्या लहान प्रार्थनाघराचं, छत कोसळण्यावर निभावलं आणि दुसऱ्या दिवशी दारं परत उघडलीसुद्धा. पण ही नक्की मशीद आहे की चर्च, आणि स्पेनमध्ये मशीद आलीच कुठून, हा प्रश्न कुणालाही पडेल, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

दक्षिण स्पेनमधलं हे शहर मुळात रोमन, तत्त्वज्ञ सेनेका इथलाच. नदीवरचा पूल अजून रोमन पूल म्हणूनच ओळखतात, नदीचं ग्वादलकिवीर हे नाव मात्र अरबी, अल-वादी अल-कबीर, म्हणजे मोठी नदी. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद हा मुसलमान सेनापती समुद्र ओलांडून आला, त्याच्या फौजेत उत्तर आफ्रिकेतले बर्बर लोक जास्त होते, आणि तिकडून आलेल्या मुसलमानांना पुढे युरोपात सरसकट मूर म्हणायला लागले. काही वर्षांतच कोर्दोबा त्यांची राजधानी झाली.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट सुरू होते जीव वाचवून पळालेल्या एका तरुणापासून. ७५० मध्ये अब्बासी या प्रतिस्पर्धी घराण्याने दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्यद घराण्याची सत्ता उलथवली, घरातली माणसं शोधून शोधून मारली, त्यातून निसटलेला अब्द अल-रहमान आफ्रिका पार करत स्पेनला पोचला आणि ७५६ मध्ये कोर्दोबाचा अमीर, म्हणजे राज्यकर्ता, झाला. खजुराच्या झाडाला उद्देशून केलेली एक कविता त्याच्या नावावर सांगतात, तूही माझ्यासारखंच आपल्या मातीपासून लांब आलंयस अशा अर्थाची. मला ती प्रत्येक वेळी हलवते.

७८५ च्या सुमारास त्याने मशीद बांधायला घेतली. खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुसलमानांच्या आधी इथे राज्य करणारे लोक) इमारतींमधून आणलेले, कुणी गुलाबी, कुणी काळसर, उंचीही एकसारखी नाही, आणि नुसते तेवढ्यावर छत टाकलं असतं तर एवढा मोठा हॉल बसका आणि अंधारा वाटला असता. मग कारागिरांनी काय केलं बघा, खांबाच्या डोक्यावर दगडी चौकोनी खांब चढवला आणि कमानी दोन मजली केल्या, खालची घोड्याच्या नालेसारखी आणि मोकळी, ती फक्त खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते, छताचं वजन घेते ती वरची. त्यात लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. जुन्या तुटपुंज्या सामानातून इतकं देखणं उत्तर काढणाऱ्या त्या कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात.

पुढे मशीद तीनदा वाढवली. दुसरा अल-हकम या राज्यकर्त्याने बांधलेल्या मिहराबातलं, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यातलं, सोनेरी मोझेक कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाईन सम्राटाने धाडलेल्या तुकड्यांचं आहे. त्या वाढीनंतर दक्षिणेला नदी जवळ आली, त्यामुळे पुढे सत्ता हातात असलेला वजीर अल-मन्सूर याने ९८७ पासून पूर्वेकडे वाढवलं आणि मिहराब मधोमध राहिलाच नाही. त्याआधी, अल-हकमचा बाप तिसऱ्या अब्द अल-रहमानने ९२९ मध्ये स्वतःला खलिफा जाहीर केलं, शहराबाहेर मदीना अझ-झहरा नावाची राजनगरी उभारली, ती यादवीत १०१० च्या सुमारास लुटली गेली आणि १०३१ मध्ये खिलाफतच संपली. शहरातली विद्या मात्र टिकली, अ‍ॅरिस्टॉटलवर भाष्यं लिहिणारा इब्न रुश्द ११२६ मध्ये इथेच जन्मला आणि ज्यू विचारवंत मायमोनिडीझही याच गावचा.

१२३६ मध्ये उत्तरेकडच्या कॅस्टिल या ख्रिश्चन राज्याचा राजा तिसरा फर्नांदो शहरात शिरला आणि मशिदीचं चर्च झालं. इथे घंटांची गोष्ट सांगायलाच हवी. अल-मन्सूरने ९९७ मध्ये वायव्य स्पेनमधल्या सांतियागोवर स्वारी करून तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या होत्या, त्या फर्नांदोने मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत धाडल्या, असं सांगतात. दोन्ही वेळी खांदे हरलेल्यांचेच.

इमारत मात्र पाडली नाही, जवळजवळ तीनशे वर्षं बरीचशी तशीच ठेवली. १५२३ मध्ये बिशपने मधोमध मोठं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बांधायला काढलं तेव्हा नगरपालिकेने कडाडून विरोध केला, तिथे काम करणाऱ्याला मृत्युदंडाची धमकीसुद्धा दिली, पण सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने कौल दिला. बरेच खांब गेले, तरी साडेआठशेच्या आसपास अजून उभे आहेत. गावकरी अडून बसले होते ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ते स्वतः ख्रिश्चन होते आणि भांडत होते जुन्या मशिदीसाठी.

बाहेरच्या अंगणाला 'नारान्होस'चं, म्हणजे संत्र्यांचं अंगण म्हणतात. आपलं नारिंग आणि स्पॅनिश नारान्हा एकाच मुळाचे, संस्कृतातला नारंग फारसी आणि अरबीतून तिकडे पोचला. याच अंगणाच्या कडेला उंच घंटाघर आहे. त्याच्या भिंतींच्या आत तिसऱ्या अब्द अल-रहमानने बांधलेल्या मिनाराचा मोठा भाग अजून तसाच उभा आहे.