कॅटलॉगमध्ये दिसणारं ई-पुस्तक विकत कधी घेतलं जातं? पात्रता, कागदपत्रं आणि मागणीची प्रक्रिया

इंग्लंड, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये दिसणारी सगळी ई-पुस्तकं ग्रंथालयाने विकत घेतलेली नसतात. हजारो पुस्तकांच्या नुसत्या नोंदी टाकलेल्या असतात. कुणी खरोखर वाचायला घेतलं, की मग पैसे जातात. या पद्धतीला डिमांड ड्रिव्हन ॲक्विझिशन, थोडक्यात डीडीए म्हणतात. आधी घेऊन ठेवलेली कित्येक पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी उघडतच नाही, या अनुभवातून ती आली.

कोण पात्र, काय लागतं

चालू नोंदणी असलेले विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी. ओळखपत्र आणि विद्यापीठाचं चालू लॉगिन एवढं पुरतं. कॅटलॉगमधल्या पुस्तकासाठी वेगळा अर्ज नसतो. माजी विद्यार्थ्यांना बहुतेक करारांत घरून वाचता येत नाही, म्हणून प्रबंधाचं वाचन लॉगिन बंद व्हायच्या आत उरका.

खरेदी कशी होते

पुस्तक उघडल्यावर पहिली काही मिनिटं फुकट चाळता येतं. ही मुदत ई-पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीवर अवलंबून असते. प्रोक्वेस्ट कंपनीच्या ईबुक सेंट्रलवर ती साधारण पाच मिनिटांची. एब्स्को या दुसऱ्या कंपनीच्या मंचावर दहा पानं पाहिली किंवा दहा मिनिटं वाचलं, की व्यवहार नोंदला जातो; अनुक्रमणिका आणि सूची त्यात धरत नाहीत. प्रिंट, कॉपी किंवा डाउनलोड केलं तर मात्र लगेच. त्यानंतर ग्रंथालयाने ठरवल्याप्रमाणे पुस्तक थेट विकत घेतलं जातं किंवा एक, सात अशा ठरावीक दिवसांपुरतं भाड्याने मिळतं. काही ठिकाणी किंमत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर मागणी आधी ग्रंथपालांकडे मंजुरीला जाते.

हे पैसे तुमच्या खात्यातून जात नाहीत. ‘उगाच खर्च नको’ म्हणून पुस्तक उघडायचंच टाळणारी मुलं आपल्यात बरीच असतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तो निधी वाचकांसाठीच बाजूला काढलेला असतो. गरज असेल तर निःसंकोच वाचा. फक्त नुसतं चाळायचं असेल तर डाउनलोड करू नका.

निधी संपला की न घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदी काढून टाकल्या जातात. काल दिसलेलं पुस्तक आज गायब झालं, तर कारण बहुधा हेच.

फॉर्म कधी भरायचा

पुस्तक कॅटलॉगमध्ये नसेलच तर ग्रंथालयाच्या साइटवरचा खरेदी-शिफारशीचा फॉर्म भरा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागतो. इथे नीट बघा: छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन वेगळे असतात. दुकानाच्या पानावरून छापील पुस्तकाचा आकडा उचलला, तर छापील प्रतच मागवली जाऊ शकते. शेऱ्यात कोर्सचं नाव, किती जणांना पुस्तक लागणार आणि कधीपर्यंत, हे लिहा. त्यावरूनच एका वाचकाचा, तिघांचा की अमर्याद वाचकांचा परवाना घ्यायचा ते ठरतं. एकाच वाचकाचा परवाना असलेलं पुस्तक परीक्षेच्या आठवड्यात ‘दुसरा वाचक वापरत आहे’ असं सांगून अडतं. तेव्हा तुमच्या विषयाच्या ग्रंथपालांना ईमेल करून परवाना वाढवायला सांगा. अशी विनंती करणं अगदी रीतसर आहे.

पाठ्यपुस्तकांचं मात्र अवघड आहे. अनेक प्रकाशक ती ग्रंथालयांना ई-स्वरूपात विकतच नाहीत. अशा वेळी आंतर-ग्रंथालय सेवेतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, हवं ते प्रकरण स्कॅन करून मागता येतं.

महाराष्ट्रात शिकत असाल तर

आपल्याकडे महाविद्यालयांची मुख्य वाट म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं वगैरे ऑनलाइन वाचनसाहित्य पुरवणारी योजना. त्याची सदस्यता महाविद्यालय घेतं आणि वैयक्तिक लॉगिन ग्रंथपालांमार्फत मिळतं. त्यातली ई-पुस्तकं ठरलेल्या संचातली असतात. केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना संशोधनपत्रिकांसाठी आहे, पुस्तकांसाठी नाही. संचाबाहेरचं पुस्तक हवं असेल तर मागणीपत्र भरून, विभागप्रमुखांची सही घेऊन ग्रंथपालांकडे द्या. सहसा ते ग्रंथालय समितीपुढे जातं. तुमचं ग्रंथालय कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर ऑनलाइन कॅटलॉगमधून खरेदीची शिफारस करायची सोय त्यात आहे, पण ती चालू केलेली असावी लागते. दिसत नसेल तर काउंटरवर विचारा.