क्षितिज कलायला लागलं तेव्हापासून

समुद्राचा फोटो एका अंशाने कलला, तर सहा हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रात पाण्याची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १०५ पिक्सेल चढते किंवा उतरते. आडव्या आणि उभ्या रेषांतला कल आपल्या डोळ्याला तिरप्या रेषांपेक्षा कितीतरी पटकन कळतो. त्यामुळे एवढासा अंशही खटकतो. आजच्या जवळपास प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात लेव्हल दाखवणारी रेघ असते ती याचसाठी. पण ती तिथवर यायला बराच काळ गेला.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा जाचक नव्हता. काचेच्या प्लेटा वापरणारे जड कॅमेरे ट्रायपॉडवरच चालत. छायाचित्रकार डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या घासलेल्या काचेवर उलटं पडलेलं चित्र निवांत न्याहाळत असे. काचेवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारता येत, आणि कित्येक कॅमेऱ्यांच्या लाकडी चौकटीत छोटी पाणसळ (द्रवातल्या बुडबुड्याने समपातळी दाखवणारी नळी) किंवा ओळंबा बसवलेला असे. पाणसळ तोवर जुनी झाली होती. फ्रान्सच्या मेल्शिसेदेक तेव्हनो यांनी ती १६६१च्या सुमारास तयार केली होती. फोटोला वेळ लागायचा, आणि त्या वेळात कॅमेरा सरळ करून घेणं सहज होऊन जायचं.

कॅमेरा हातात आला आणि क्षितिज कललं. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांचा पहिला कोडॅक बाजारात आला. त्याला व्ह्यूफाइंडरच नव्हता. पेटीच्या वरच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन रेघा होत्या, त्यांच्यामधून अंदाज घ्यायचा, दोरी ओढून शटर तयार करायचं आणि बटण दाबायचं. एका रोलमध्ये शंभर फोटो, आणि प्रत्येक फोटो गोल, अडीच इंच व्यासाचा. भिंगाच्या कडेला चित्र खराब यायचं, ते गोल चौकटीत झाकलं जाई, हे एक कारण. दुसरं कारण जास्त मजेचं आहे: गोल फोटोला सरळ कडा नसतात, त्यामुळे कॅमेरा तंतोतंत आडवा धरला नाही तरी चालून जाई. सरळ क्षितिजाच्या प्रश्नावर निघालेल्या उत्तरांपैकी हे मला सगळ्यात हुशार वाटतं, कारण कल जिच्याशी ताडून पाहायचा ती कडच त्याने काढून टाकली. पुढे चौकोनी चौकट परतली आणि प्रश्नही परतला.

कमरेशी धरून वरून बघायच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यांनी त्यात भर घातली. त्यांच्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून कल काढायला गेलं की सवय नसलेला हात आधी चुकीच्या बाजूला वळतो. अशा काचांवर जाळीच्या रेघा आल्या, काही कॅमेऱ्यांवर पाणसळही बसली. तरीही कललेला फोटो बहुतेक वेळा डार्करूममध्येच सरळ होई. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरखाली कागदाची चौकट थोडी फिरवली की झालं. काहींनी मात्र कल मुद्दाम वापरला. १९२०च्या दशकात रशियाच्या अलेक्झांडर रोदचेन्कोंनी तिरप्या चौकटीलाच आपली शैली केलं.

डिजिटल फोटोग्राफीत डार्करूमचं काम संगणकाकडे गेलं. फोटोशॉप १९९० साली आलं. चित्र फिरवणं दोन क्लिकचं काम झालं. पण फिरवलं की कोपरे कापावे लागतात. ३:२ प्रमाणाचा फोटो दोन अंश फिरवून त्याच प्रमाणात कापला, तर जवळपास दहा टक्के क्षेत्रफळ जातं. कडेला एखादी होडी नेमकी बसवली असेल तर पहिला घाव तिच्यावर. शिवाय हात लांब करून स्क्रीनकडे बघत फोटो काढायची सवय याच काळातली. शटरचं बटण उजव्या टोकाला असतं, आणि ते दाबताना तो कोपरा किंचित खाली जातो.

मोटारींच्या एअरबॅगसाठी १९९०च्या दशकात बनू लागलेले चिमुकले अ‍ॅक्सेलरोमीटर पुढे कॅमेऱ्यात शिरले. गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखून कॅमेरा किती कलला आहे हे ते सांगतात. २००७च्या निकॉन डी३ मध्ये विमानातल्या कृत्रिम क्षितिजासारखी खूण स्क्रीनवर दिसू लागली. २००९च्या कॅनन ७डी ने डावी-उजवीकडचा कल आणि पुढे-मागे झुकणं, दोन्ही दाखवलं. त्याच वर्षीचा पेन्टॅक्स के-७ आणखी पुढे गेला: हात हलल्यावर फोटो हलू नये म्हणून चित्र टिपणारा सेन्सर सरकवणारी जी यंत्रणा होती, तिच्याच मदतीने तो सेन्सर किंचित फिरवून एक-दोन अंशांचा कल फोटो निघण्याआधीच काढून टाकायचा. कोपरे कापायची गरजच नाही! मोबाइलवर अ‍ॅपलने आयओएस १७ मध्ये, २०२३ साली, कॅमेऱ्यात लेव्हलची रेघ दिली.

कल ओळखणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरला एक अडचण आहे. वळणावरच्या गाडीत किंवा हेलकावणाऱ्या होडीत गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला इतर त्वरणंही लागू होतात, आणि नुसता अ‍ॅक्सेलरोमीटर फसतो. म्हणून अ‍ॅक्शन कॅमेरे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपचीही मदत घेतात. कॅमेरा पूर्ण फिरला तरी त्यातल्या काहींच्या व्हिडिओत क्षितिज जागेवर राहतं.

तलावाचा काठ आपल्यापासून तिरका लांब जात असेल, तर मात्र लेव्हल बरोबर असूनही तो काठ चित्रात उतरता दिसतो. तिथे पाण्याची कड सोडून झाडांच्या, इमारतींच्या उभ्या रेषांकडे बघावं. आणि लेव्हलची रेघ कॅमेरा सरळ असल्याचं दाखवत असेल तर तो वळवू नये.