अंधांसाठीचे जीपीएस: रस्त्याची नेमकी कुठली बाजू?

2 मे 2000 पर्यंत नागरी जीपीएस संकेतात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. उपकरण दाखवील ती जागा खऱ्या जागेपासून 100 मीटरपर्यंत सरकलेली असे. जहाजाला तेवढे चालून जाते. पायी निघालेल्या अंध माणसाच्या मात्र तेवढ्यात दोन गल्ल्या मागे पडतात. कल्पना त्याआधीची होती. उपग्रहांच्या मदतीने अंधांना वाट दाखवावी, असा प्रस्ताव 1985 मध्येच मांडला गेला. 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात पाठीवर संगणक आणि हेडफोनवर होकायंत्र लावून चाचण्याही झाल्या. पण मिसळलेली चूक वजा करण्यासाठी एका स्थिर स्थानकाकडून रेडिओवर दुरुस्ती घ्यावी लागे. ती चूक बंद झाली आणि मगच हा प्रकार प्रयोगशाळेबाहेर पडला.

2002-03च्या सुमारास दोन वाटा दिसू लागल्या. एकात ब्रेल टिपणयंत्राला जीपीएस जोडलेले होते. दुसरे, म्हणजे ट्रेकर, हातात मावणाऱ्या संगणकावर चाले. त्याच्या स्पर्शपडद्यावर हाताला कळतील अशी बटणे बसवलेली असत, आणि रिसीव्हर व स्पीकर खांद्यावरच्या पट्ट्याला असे. खांद्याची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. त्या काळचे रिसीव्हर खिशात किंवा पिशवीत गेले की उपग्रह हरवत. इमारतीतून बाहेर आल्यावर मोकळ्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबावे लागे, कारण प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती मधेच तुटली तर पुढच्या फेरीची वाट पाहणे आले.

दिशेची गोष्ट वेगळी. जीपीएसला दिशा कळते ती चालण्यातून. उभा माणूस जागच्या जागी वळला तर उपकरणाला त्याचा पत्ता लागत नाही. ते मघाचीच दिशा धरून ‘दुकान 3 वाजता’, म्हणजे घड्याळाच्या तबकडीप्रमाणे (12 म्हणजे समोर) उजव्या हाताला, असे सांगत राहते. म्हणून दहा-पंधरा पावले सरळ चालल्याशिवाय घड्याळी दिशेवर विश्वास ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवले जाई. पुढे फोनमध्ये होकायंत्र आले आणि उभ्या उभ्या दिशा कळू लागली. पण लोखंडी कठडा, उभी मोटार किंवा चुंबकाचे फ्लॅप असलेले फोनचे कव्हर ती दिशा सहज फिरवते.

खरा वाद झाला तो रस्त्याला चिकटवण्यावरून. मोटारीतले जीपीएस गृहीत धरते की गाडी रस्त्यावरच आहे. म्हणून मिळालेला बिंदू ते जवळच्या रस्त्याच्या रेषेवर नेऊन बसवते. पादचाऱ्यांसाठीही बहुतेक उपकरणांनी हेच उचलले. त्याचे समर्थन लंगडे नव्हते. उंच इमारतींवर आपटून उशिरा पोचलेला संकेत बिंदूला पलीकडच्या गल्लीत ढकलतो, आणि कच्चा बिंदू तसाच वापरला तर उपकरण दर दहा पावलांनी नवे रस्ते घोषित करते. चिकटवल्यावर बोलणे शांत, सलग होते.

ही शांतता फसवी आहे, असे आमचे मत. नकाशात रस्ता म्हणजे बहुधा मधोमध काढलेली एक रेषा. रुंदी नाही, फुटपाथ नाही. माणूस डाव्या कडेला असो वा उजव्या, बिंदू रेषेवरच. दुपदरी रस्ता साधारण 7 मीटरचा आणि मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक 5 मीटरच्या आसपास, म्हणजे बाजू ओळखणे एरवीही दुरापास्तच. चिकटवल्यावर ती अनिश्चितता ऐकूही येत नाही. डोळस चालक काचेतून पाहून चूक पकडतो. इथे पकडणारे कोणी नाही. एसटी स्थानकाचे आवार किंवा सोसायटीतली वाट ओलांडताना बिंदू शेजारच्या समांतर रस्त्यावर जाऊन बसतो. उड्डाणपुलाखालून चालणाऱ्याला, वर आणि खाली एकाच रेषेत असल्याने, पुलाच्या टोकापर्यंत चौकच नसल्याचे सांगितले जाऊ शकते. ट्रेकरमध्ये मोकळ्या जागांसाठी वेगळी अवस्था होती, ज्यात फक्त अंतर आणि दिशा मिळे. ती हाताने बदलावी लागे आणि घाईत ती राहून जाई. चिकटवायचे असेल तर निदान मूळ बिंदू रेषेपासून किती मीटर दूर होता ते मागितल्यावर सांगावे, एवढीच मागणी होती. ती फारच थोड्या उत्पादनांनी पुरवली.

पत्त्यांचा घोळ याच्याच जोडीचा. अमेरिकन नकाशात एका तुकड्यावर 100 ते 198 क्रमांक असतील तर 150 मध्यावर आहे असे धरतात. पुण्या-मुंबईत पत्ता ‘गणपतीच्या देवळामागे’ असा असतो, तिथे हे गणित सुरूच होत नाही. म्हणून नोकियाच्या सिंबियन प्रणालीच्या फोनवर चालणारे, 2006 मध्ये मुक्त स्रोत (कोणालाही पाहता-बदलता येईल असे) झालेले लोडस्टोन हे ॲप महत्त्वाचे. त्याला विकतचा नकाशा लागतच नसे. सोबत ब्लूटूथ रिसीव्हर ठेवायचा आणि आपले बिंदू आपणच साठवायचे. बिंदू घेताना अर्धा मिनिट स्थिर उभे राहावे, उपग्रह पुरेसे आहेत का पाहावे, आणि खूण इमारतीची नव्हे तर फाटकाची घ्यावी. तयार नकाशातली टाचणी बहुधा छताच्या मधोमध असते आणि दार मागच्या गल्लीत निघते.

2009 मध्ये आयफोन पडद्यावरचे वाचून दाखवू लागला आणि स्वतंत्र उपकरणांची बाजारपेठ आक्रसली. 2012 मध्ये ब्लाइंडस्क्वेअर हे ॲप आले. ते वळणे न सांगता आसपास काय आहे ते सांगते. 2018 मध्ये साउंडस्केप या ॲपने ठिकाणाचा आवाज त्याच दिशेने ऐकवला. ही 1990च्या दशकातल्या त्या हेडफोनवाल्या चाचण्यांतलीच कल्पना, आता खिशात. त्याच वर्षी उपग्रहाचे संकेत दोन वारंवारतांवर घेणारे फोन आले, त्यामुळे इमारतींवर आपटून येणाऱ्या संकेतांचा त्रास कमी होतो, संपत नाही. चौकाची सूचना आजही काही पावले आधी किंवा नंतर येते, आणि फुटपाथची कड काठीलाच शोधावी लागते.

2023 मध्ये साउंडस्केपची सेवा बंद झाली, त्याचा सोर्स कोड मात्र सर्वांसाठी खुला झाला. कुठलेही ॲप निवडताना साठवलेले बिंदू फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का, हे आधी तपासावे.