एमसीबी पडला म्हणजे वायर वाचली, माणसाचं काय?

पंचवटीतल्या आमच्या आत्याच्या वाड्यात गेल्या हिवाळ्यापर्यंत तांब्याचा बंबच होता. निफाडचा पारा घसरला की इकडे नाशकातही सकाळी पाण्यात बोट घालवत नाही. पण बंबाला लाकडं घालायला वाकणं आत्याच्या गुडघ्यांना जमेना, म्हणून ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर आला. वायरमनने स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून लाइन ओढून न्हाणीघरात पॉइंट दिला. आठवडाभरात मेनजवळचा १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका, रोज सकाळी पडायला लागला. त्यालाच परत बोलावलं. त्याने १६ चा काढला, ३२ चा बसवला आणि म्हणाला, "आता नाही पडायचा, काकू."

खरंच नाही पडला. मग एका सकाळी नळाला हात लावताच आत्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मला फोन करून तिने विचारलं, "अरे, ते खटका पडणारं बसवलंय ना मेनपाशी? मग करंट लागलाच कसा?"

जुन्या घरात जड उपकरणं आणणाऱ्या बहुतेकांचा इथेच घोळ होतो. मेनजवळच्या डबीत खटक्याची दोन यंत्रं असू शकतात, एमसीबी आणि आरसीसीबी. दिसायला सख्खी भावंडं, कामं मात्र अगदी वेगळी: एमसीबी जास्त करंटपासून वायर जपतो, आरसीसीबी गळणाऱ्या करंटपासून माणूस. दोन खणांचा डबल पोल एमसीबी आणि आरसीसीबी शेजारी ठेवले तर नवखा माणूस ओळखूच शकणार नाही. खुणा दोनच: आरसीसीबीवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि अँपिअरच्या आकड्याखेरीज ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा दुसरा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे पुष्कळ वायरमन त्यालाच अजून ईएलसीबी म्हणतात. ते जुन्या पद्धतीच्या, अर्थच्या तारेवर विसंबणाऱ्या यंत्राचं नाव, पण दुकानात ते सांगितलं तरी हल्ली आरसीसीबीच हातात पडतो.

आधी एमसीबीचं बघू. त्याच्या पोटात दोन जण राखण करतात. एक दोन धातूंची जोडपट्टी. करंट जास्त वेळ जास्त वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरी तारेची गुंडाळी. शॉर्टसर्किट झालं की तिचं चुंबक क्षणात खटका ओढतं. घरात लागणारा 'सी' प्रकारचा १६ चा एमसीबी असा झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. त्याखालचा सगळा कारभार पट्टीकडे, आणि पट्टी सावकाश आहे. प्रमाणित १६ चा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडत नाही. सुमारे २३ अँपिअरवर पडतो, पण त्यालाही तासापर्यंत वेळ घेण्याची मुभा आहे. म्हणजे '१६' या आकड्याचा अर्थ 'सोळाव्या अँपिअरला बंद' असा नाही.

आता आत्याचा हिशोब मांडा. २३० व्होल्टवर ३००० वॅटचा गिझर १३ अँपिअर घेतो. त्याच लाइनवर २००० वॅटची इंडक्शन शेगडी, म्हणजे पावणेनऊ. शिवाय शाळेच्या गडबडीत नातवाच्या शर्टावर हजार वॅटची इस्त्री, सव्वाचारच्या थोडं वर. बेरीज २६. एमसीबी काही मिनिटांत पडायचा, आणि तो बरोबरच पडत होता. कारण भिंतीवरच्या लाकडी पट्टीतली वायर दीड एमएमची होती, तीही चाळीसेक वर्षांची. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट तर ताप चौपट. जुनं आवरण तापून कडक होतं, तडकतं, आणि वाड्यात त्याला टेकलेलं असतं सागवान.

म्हणून एमसीबीचा आकडा उपकरण ठरवत नाही, वायर ठरवते. तांब्याच्या दीड एमएमला १०, अडीचला १६, चारला २० किंवा फार तर २५, असा घरगुती शिरस्ता आहे. ३२ चा एमसीबी दीडच्या वायरवर लावणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधणं. आपल्या आजोबांच्या काळात हेच चिनी मातीच्या फ्यूजमध्ये व्हायचं. फ्यूज सारखा उडतो म्हणून तारेचे दोन पीळ जास्त द्यायचे. यंत्र बदललं, खोड तीच राहिली.

पण आत्याचा प्रश्न शॉकचा होता. तिथे १६ चा असो वा ३२ चा, एमसीबी काहीच करू शकत नाही. ओल्या हाताच्या आणि ओल्या पायाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० व्होल्टला अंगातून साधारण २३० मिलिअँपिअर जातील, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. एमसीबीच्या लेखी ही एखाद्या ट्यूबलाइटची जोडी. माणसाच्या लेखी मात्र ती मरणाची गोष्ट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पकडलेली तार किती करंटपर्यंत सोडता येते ते मोजलं होतं. पुरुषांची सरासरी निघाली साधारण १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे बोटं आपली राहत नाहीत. १९६१ मध्ये याच डॅल्झिएलनी गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारं यंत्र केलं, आपल्या आरसीसीबीचं अमेरिकी भावंड.

आरसीसीबीची युक्ती हिशोबनीसाची आहे. करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोहचुंबकी कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर कडं शांत. गेले ५ अँपिअर आणि परत आले ४.९७, तर उरलेले ३० मिलिअँपिअर कुठे गेले? भिंतीत, नळात किंवा माणसात. कुठेही गेले असोत, खटका पडतो. ३० मिलिअँपिअरवर ०.३ सेकंदाच्या आत, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. २६ अँपिअर ओढा की ६०, जमाखर्च जुळत असेल तर आरसीसीबी ढिम्म हलत नाही. त्याच्यावरचा ४० हा आकडा 'एवढं मी वाहू शकतो' इतकाच सांगतो, 'यापुढे तोडीन' असं नाही. म्हणून त्याच्या रक्षणालाही एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकाच डबीत हवी असतील तर आरसीबीओ मिळतो.

इथे कुणी म्हणेल, आमच्याकडे अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला? नाशकात काळी माती आणि खाली बेसॉल्टचा खडक. पावसाळ्यात ती माती लोण्यासारखी, एप्रिलमध्ये भेगाळलेली. कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध चढतो. समजा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम झाला आणि गिझरच्या कॉइलमधून फेज बॉडीला टेकला. करंट परतायला तो खड्डाच असेल, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी तसाच उभा राहील, गिझरचं धूड 'जिवंत' राहील आणि मीटर मात्र फिरत राहील. आरसीसीबीला मात्र ३० मिलिअँपिअर पुरतात. उलट अर्थिंग नसेल तरी आरसीसीबी काम करतो, फक्त त्याला गळती कळते ती कुणीतरी हात लावल्यावर. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच कळते. आत्याच्या तीन पिनी सॉकेटची वरची, अर्थची पिन कोरडीच निघाली, मागे तारच नव्हती. काही महाभाग तिला न्यूट्रल जोडून देतात. ते त्याहून वाईट, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर उपकरणाच्या पत्र्यावरच २३० व्होल्ट येतात.

मग जुन्या घरांत आरसीसीबी बसवून महिन्याभरात काढून का टाकतात? सारखा पडतो म्हणून. त्यात त्याचा दोष क्वचित असतो. वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पॉइंट वाढवत नेलेले असतात. वरच्या माडीचा फेज एकीकडून, न्यूट्रल भलतीकडून. इन्व्हर्टर बसवताना तर न्यूट्रलची सर्रास सरमिसळ होते. हिशोबनीसाला अर्धीच पावती दिसली की तो आरडाओरडा करणारच. गोदाकाठच्या भिंती पावसात ओल धरतात, तिथे जुन्या वायरीतून खरीच गळती सुरू होते. शोधायचं म्हणून सगळे एमसीबी पाडून ठेवले तरी कधी आरसीसीबी पडतोच, कारण एका खणाचा एमसीबी फक्त फेज तोडतो, ओल्या भिंतीला टेकलेला न्यूट्रल तसाच राहतो. वायरमन इथे कंटाळतो आणि आरसीसीबी वगळून तारा सरळ जोडून टाकतो. सगळ्या घराला एकच आरसीसीबी ठेवला तर गिझरच्या पायी फ्रिजही बंद पडतो, त्यामुळे न्हाणीघराचा वेगळा घेतलेला बरा. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्यासाठी 'ए' प्रकारचा आरसीसीबी मागावा. स्वस्तातला 'एसी' प्रकारचा (इथे एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे) या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची काही तऱ्हेची गळती ओळखत नाही.

एक गोष्ट एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांनाही दिसत नाही: सैल जोड. स्क्रू ढिला असेल तर करंट वाढतही नाही आणि गळतही नाही, फक्त जोड तापत राहतो. सॉकेट पिवळा पडणं आणि जळका वास येणं, एवढ्याच त्याच्या खुणा. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पीळ देऊन जोडलेली असेल तर तिथे हे हमखास.

महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेणं हे आणखी निराळं काम. आत्याच्या घरी तेही करावं लागलं, पण त्याने मीटरच्या अलीकडची वायर काही जाड होत नाही.

शेवटी परवानाधारक माणूस शोधला. मातीच्या भिंती कोरायला घेतल्या की भसाभस सुटतात, म्हणून मीटरपासून न्हाणीघरापर्यंत पीव्हीसी पट्टीतून चार एमएमची स्वतंत्र लाइन नेली. तिला २० चा एमसीबी, पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि परसात तुळशीपलीकडे अर्थिंगचा नवा खड्डा. स्वयंपाकघराच्या जुन्या वायरीवरचा ३२ चा काढून १० चा लावला. त्यावर आता इंडक्शन आणि इस्त्री एकत्र चालत नाहीत, याबद्दल आत्याची सून अजून नाराज आहे. तिथली वायर दिवाळीनंतर बदलायची आहे.

आत्या मात्र दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना 'टी'चं बटण दाबते. खट्ट आवाज झाला की खटका परत वर करते आणि म्हणते, "जागा आहे रे."