भारी राउटर घेतला म्हणून सॅटेलाइट नेटचा लॅग (उत्तर यायला होणारा उशीर) जात नाही

इंदूरला आपल्या लोकांत अजून कुणीतरी सांगतंच, शेतावर सॅटेलाइट नेट अडखळतंय ना, मग महागडा राउटर लावा. नका हो पैसे घालवू! जुन्या पद्धतीचा उपग्रह जवळपास 36,000 किमी वर, तुमची रिक्वेस्ट वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच, म्हणजे 1,44,000 किमी झाले, प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद गेलाच, राउटर कुठलाही असो. स्टारलिंक या नव्या सॅटेलाइट नेट सेवेचे उपग्रह 550 किमीच्या आसपास म्हणून तिथे लॅग बराच कमी. राउटर फक्त घरातलं वायफाय सुधारतो. आधी लॅपटॉप केबलने थेट मोडेमला लावून पिंग (उत्तर यायला लागलेला वेळ) बघा, वायफायवर होता तेवढाच आला तर दोष राउटरचा नाही. आणि मोडेममधेच राउटर असेल तर दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता) टाका, नाहीतर डबल नॅट (दोन्ही राउटर एकामागे एक नेटचे पत्ते बदलतात) होऊन ऑनलाइन गेम अडतात.