एकाच बल्बचे दोन रोध

“काका, ओहमचा नियम या बल्बला लागूच पडत नाही!” शेजारची दहावीतली मुलगी परवा भल्या सकाळी मल्टिमीटर घेऊन दारात उभी. पंचवटीत त्या दिवशी पारा दहाच्या आसपास होता. तिच्या दुसऱ्या हातात देवघरातला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब.

गणित तिनं बरोबर मांडलं होतं. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. म्हणून १०० ला २३० ने भागलं की करंट ०.४३५ अँपिअर. आता ओहमच्या नियमानं व्होल्टेजला करंटने भागायचं, रोध (करंटला होणारा अडथळा) मिळतो ५२९ ओहम. पण बल्बच्या बुडाशी असलेल्या सोल्डरच्या दोन ठिपक्यांना मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या, तर आकडा आला ३८. या ३८ वरून शक्ती काढली (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध) तर सुमारे १,३९० वॅट!

५२९ खरं आणि ३८ सुद्धा खरं. पाठ्यपुस्तकातल्या नियमात “वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना” असे शब्द असतात. आपण ते पाठ करतो आणि गणितात विसरतो. मल्टिमीटरनं मोजला तो थंड बल्ब. पेटल्यावर त्यातली टंगस्टनची तार साधारण अडीच हजार अंशांवर जाते. धातूतले अणू जागच्या जागी थरथरत असतात. तापमान वाढेल तशी ही थरथर वाढते आणि मधून वाहणारे इलेक्ट्रॉन जास्त वेळा अडतात. टंगस्टनचा रोध दर अंशाला साधारण ०.४५ टक्के वाढतो. हजारो अंशांत ही वाढ साठत जाते आणि रोध जवळपास चौदा पट होतो.

म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब सहा अँपिअर ओढतो. तार तापते, रोध चढतो, करंट उतरतो, आणि एखाद्या दशांश सेकंदात सगळं ०.४३५ वर स्थिरावतं. जुन्या तारेत कुठेतरी धातू उडून गेल्यानं बारीक झालेली जागा असते. तिथला रोध जास्त, म्हणून या पहिल्या लोंढ्यात तीच जागा सगळ्यांत आधी तापते आणि वितळते. बल्ब बहुतेकदा लावतानाच जातो तो यामुळे. देवघरातला बल्ब गेला की अपशकुन मानणाऱ्या घरांनी हे मुलांना जरूर सांगावं. तसंच सॉकेटमध्ये खोचली की बिल निम्मं होतं असा दावा करून विकल्या जाणाऱ्या डब्यांचं. घरचा मीटर खरी खर्च झालेली ऊर्जा मोजतो, डबी लावून बल्बचा किंवा गीझरचा रोध बदलत नाही.

गीझरच्या कॉइलमध्ये सहसा नायक्रोम असतं, त्याचा रोध तापल्यावर जेमतेम काही टक्के बदलतो. म्हणून २,००० वॅटच्या गीझरला थंड असतानाही २६ ओहमच्या आसपास आकडा मिळतो. (मोजण्याआधी प्लग काढलेला हवा, इथे हयगय नको.) संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं की त्याच रोधावर शक्ती उरते सुमारे १,५०० वॅट. पाणी उशिरा तापतं, युनिट मात्र जवळपास तेवढेच.

पोरीला मी तो बल्ब ठेवून द्यायला सांगितलाय. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की दुपारी पुन्हा पिना लावायच्या. तीस अंशांचा फरक, म्हणजे ३८ चे ४३ ओहम व्हायला हवेत. वहीत तिनं त्या दिवसाची तारीख आणि ३८ लिहून पुढची ओळ कोरी ठेवली आहे.